कारण : दारू

मंडळी, पोस्ट मोठी आहे. नेहमीसारखं नगरपालिका, रस्ता, पाणी असं काही नाही यात. सवडीने वाचा, नाही वाचली तरी राग नाही.

माझ्या भावाची मुलगी आमच्याकडे राहून बी.ए. पहिल्या वर्षाला शिकते. गावाकडून सकाळची एसटी कॉलेजच्या वेळेला पोहोचत नाही, म्हणून आमच्याकडे. मागच्या आठवड्यात रात्री लाइट गेली, सगळे ओसरीत येऊन बसलो, आणि ती मोबाइलच्या उजेडात समाजशास्त्राचं पुस्तक घेऊन. मध्येच मला म्हणाली, "काका, तुम्ही पत्रकार आहात, मला एक सांगा. आत्महत्या माणूस एकटाच करतो ना? मग ती सामाजिक गोष्ट कशी काय?"

मी म्हटलं, दे बरं पुस्तक.

खरं सांगतो, पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला समाजशास्त्राचा एक पेपर होता. मी तो गाईड वाचून काढला होता. ऑगस्ट कॉम्त समाजशास्त्राचा जनक, मार्क्स म्हणजे वर्गसंघर्ष, वेबर म्हणजे नोकरशाही, दुरखीम म्हणजे आत्महत्या. चार नावं, चार शब्द, जोड्या लावा. पेपरनंतर गाईड रद्दीत गेलं. नंतर वीस वर्षं मी जे काम केलं ते नेमकं त्या चौथ्या जोडीतलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आपला भाग कापसाचा आणि सोयाबीनचा. पश्चिम विदर्भातल्या तालुक्याच्या वार्ताहराने किती शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या लिहिल्या असतील याचा हिशोब मागू नका, मी ठेवलेला नाही. पद्धत ठरलेली होती. सकाळी पोलीस ठाण्यात जायचं, मर्गची नोंद बघायची, जमादाराला विचारायचं, "कारण काय?" तो जे सांगेल ते लिहायचं. डिप्लोमात आम्हाला सहा 'क' शिकवले होते. काय, कोण, कुठे, केव्हा, का, कसे. त्यातले पाच नोंदवहीत मिळायचे. सहावा, 'का', जमादार तोंडी द्यायचा. कर्ज. आजारपण. घरगुती भांडण. दारू. एका शब्दात 'का' संपायचं आणि आम्ही पुढच्या बातमीला लागायचो.

२००७ सालची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीच्या आसपास, अंगात मस्ती भरपूर. जवळच्या एका गावात तीन-साडेतीन एकरवाला एक तरुण शेतकरी गेला. जमादार म्हणाला, दारू. मी लिहिलं, दारूच्या व्यसनाला कंटाळून. हे वाक्यसुद्धा बघा कसं आहे, व्यसन त्याचंच आणि कंटाळलाही तोच. पाच ओळींची बातमी, आतल्या पानावर.

चार-पाच दिवसांनी त्याची आई आमच्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं कात्रण. तिने ते टेबलावर ठेवलं.

"भाऊ, हे तुमीच लिवलं का?"

मी हो म्हटलं.

"माह्या पोरानं दारूले कधी हात नाही लावला. पेपरात काऊन असं लिवलं?"

मी म्हटलं, मावशी, पोलिसांनी सांगितलं तसं लिहितो आम्ही. ती म्हणाली, पोलीस तर गावात अर्धा तासबी नव्हते. मग ती खाली भिंतीला टेकून बसली आणि अर्धा-पाऊण तास बोलत राहिली. मी ऐकत होतो म्हणण्यापेक्षा ती कधी उठते याची वाट बघत होतो, कारण बस स्टँडवर आंदोलन होतं आणि मला फोटो काढायला जायचं होतं. पण एक गोष्ट कानात राहिली. ती म्हणाली, दोन वर्षांपासून त्यानं लग्नाकार्याला जाणं सोडलं होतं. भावकीतल्या लग्नालाही नाही. का, तर आहेर काय देणार? मागच्या सालचा आहेर वहीत लिहिलेला, तेवढा तरी फेडायला पाहिजे. मग पारावर बसणं सुटलं. मग सोसायटीच्या माणसाला बघून रस्ता बदलणं सुरू झालं. मग शेतातच थांबायला लागला.

हे मी लिहिलं नाही. ही काय बातमी होती का?

आता पुतणीच्या पुस्तकाकडे येतो.

एमिल दुरखीम हा फ्रेंच माणूस. जन्म १८५८, एपिनाल गावचा, घराणं ज्यू धर्मगुरूंचं. त्याने १८९७ साली आत्महत्येवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या आधीही लोकांनी या विषयावर लिहिलं होतं, पण वेड, वंश, हवामान, दारू अशा कारणांवर. दुरखीमने सरकारी आकडे समोर घेतले आणि म्हणाला, एकेक माणूस जाऊ द्या, आधी प्रमाण बघा. लाखामागे किती? दरवर्षी मरणारी माणसं वेगळी असतात, पण एकेका देशाचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेच राहतं. माणसं बदलतात आणि आकडा तिथेच, म्हणजे तो आकडा माणसांचा नाही, त्या समाजाचा आहे. त्याला तो 'सामाजिक तथ्य' म्हणतो.

पुतणी इथे अडली होती. तथ्य म्हणजे खरी गोष्ट ना, मग सामाजिक तथ्य काय? मी तिला आहेराची वही दाखवली. म्हणजे खरंच दाखवली, कपाटात आहे आमच्या लग्नातली. म्हटलं, ही वही ठेवायचा कायदा आहे का? नाही. आहेर नाही दिला तर पोलीस येतात का? नाही. मग तुझा बाबा उसने काढून का देतो? ती हसली. दुरखीमचं म्हणणं एवढंच की अशा गोष्टी आपल्या जन्माच्या आधीपासून असतात, आपल्या बाहेर असतात, आणि त्या मोडायला गेलं की त्यांचा जोर कळतो. दगडासारख्याच खऱ्या. म्हणून त्यांचा अभ्यास वस्तूंचा करतात तसा करा, असं त्याने १८९५ च्या पुस्तकात लिहून ठेवलं.

आकड्यांतून त्याला काय दिसलं? प्रोटेस्टंट भागांत प्रमाण जास्त, कॅथलिक भागांत कमी. अविवाहितांत जास्त, संसारी माणसांत कमी. युद्ध किंवा राजकीय धामधूम असली की कमी होतं, कारण लोक एकमेकांना धरून असतात. माणूस माणसात किती गुंतलेला आहे, ही एक दोरी. दुसरी दोरी म्हणजे समाज त्याच्या अपेक्षांना किती लगाम घालतो. पहिली सैल झाली तर 'अहंवादी' आत्महत्या, हा शब्द आपल्याकडे गैरसमज करतो, इथे घमेंडीचा काही संबंध नाही, एकटं पडण्याचा आहे. पहिली फार घट्ट असली तर 'परार्थवादी', सैनिकाचं उदाहरण तो देतो. दुसरी तुटली तर ज्याला पुस्तकात 'प्रमाणकशून्यता' असा जड शब्द आहे ती अवस्था. आणि दुसरी गळ्याशी आवळली गेली तर चौथा प्रकार, तो त्याने तळटीपेत उरकला. मला वाटतं तिथे त्याची चूक झाली. पूर्ण दाबलेल्या माणसांना, विशेषतः बायांना, त्याने तळटीपेतच ठेवलं. बायांबद्दल त्याची मतंही आज वाचवत नाहीत.

प्रमाणकशून्यतेबद्दल थोडं थांबतो, कारण ते आपल्या मुलखाला लागतं. १८७३ साली व्हिएन्नाचा बाजार कोसळला आणि आत्महत्या वाढल्या. हे कुणालाही पटेल, नुकसान झालं, माणसं खचली. पण दुरखीम पुढे दाखवतो की भरभराटीच्या काळातही त्या वाढतात. पॅरिसला १८७८ मध्ये जागतिक प्रदर्शन भरलं, पैसा आला, त्या वर्षीही वाढ. आणि अगदी गरीब मुलूख, त्या काळचा आयर्लंड, इटलीचा दक्षिण भाग, तिथे कमी. म्हणजे नुसती गरिबी मारत नाही. माणसाला कालपर्यंत ठाऊक असतं की आपल्याला किती मिळणार, किती हवं म्हणायचं, कशाला पुरेसं म्हणायचं. ते माप अचानक मोडलं, वर किंवा खाली, तर माणूस तोल सुटून पडतो.

आता आपल्याकडे बघा. विदर्भात सगळ्यात गरीब जिल्हा कोणता म्हटलं तर लोक गडचिरोलीचं नाव घेतील. पण शेतकरी आत्महत्यांसाठी नाव झालं यवतमाळचं. पांढऱ्या सोन्याच्या पट्ट्याचं. १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी या शतकाच्या सुरुवातीला मोडीत निघाली. त्याच सुमारास, २००२ मध्ये, बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. बियाणं, खत, फवारणी, सगळं रोखीचं किंवा कृषी केंद्रातल्या उधारीचं झालं. भाव कुठल्या देशात ठरतो ते कुणालाच कळत नाही. त्याच काळात घरोघरी टीव्ही, हातात मोबाइल, पोराला इंग्रजी शाळा. कोरडवाहू तीन एकरांत किती अपेक्षा ठेवायची याचं जुनं माप गेलं, नवं कुणी दिलं नाही. हे मी एकटा म्हणत नाही. बी. बी. मोहंती या अभ्यासकांनी अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या आत्महत्यांवर २००५ मध्ये लिहिलं, तेव्हा दुरखीमचीच चौकट हातात घेतली होती. आपल्या दारात येऊन कुणी हे लिहून गेलं, आणि आम्ही इथले पत्रकार जमादाराच्या एका शब्दावर चालत होतो.

बरं, त्या पुस्तकातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट परीक्षेत कुणी विचारत नाही. आकड्यांवर एवढा विसंबणारा हा माणूस त्याच सरकारी कागदावरचा एक रकाना मात्र उचलून बाजूला ठेवतो. 'कारण' हा रकाना. तो म्हणतो, ही आत्महत्येच्या कारणांची आकडेवारी नाही, कारणांबद्दल अधिकाऱ्यांची जी मतं असतात त्यांची आकडेवारी आहे, आणि ते अधिकारी बहुतेक खालच्या दर्जाचे, घाईत असलेले. म्हणजे आमचा जमादार. १८९७ साली फ्रान्समध्ये.

मी ते वाचून पुस्तक मिटलं. लाइट आलेली होती, तरी बाहेरच बसून राहिलो.

कारण २००७ मध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्हाला माहीत आहे, २००६ पासून आपल्याकडे आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत आहे, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. ती मिळायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्रकरण 'पात्र' ठरवायला हवं. पात्र कधी? नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि परतफेडीचा तगादा. कारण दुसरं निघालं तर 'अपात्र'. हे शब्द आपल्या भागात एवढे रुळले आहेत की बायाच सांगतात, "आमचा अपात्र झाला." मेलेला माणूस अपात्र.

त्या मुलाचं प्रकरण अपात्र झालं. पुढे वर्षभराने ओळखीच्या एका माणसाकडून फाइल बघायला मिळाली. चौकशीच्या कागदात लिहिलेलं, व्यसनाधीनता, आणि आधाराला जोडलेल्या कागदांत माझं कात्रण. म्हणजे जमादाराने मला सांगितलं, मी छापलं, ज्याने चौकशी केली त्याने छापलेलं वाचलं आणि लिहिलं. गोल फिरून एकच शब्द तीन ठिकाणी गेला आणि त्याचा पुरावा झाला. माझ्या बातमीमुळेच अपात्र झालं असं मी म्हणणार नाही, कदाचित नसतं झालं तरी. सावकार परवान्याचा नव्हता, हेही एक होतं. पण कात्रण तिथे होतं.

वेबरची जोडी मला इथे सुटली. मॅक्स वेबर जर्मन, १९२० मध्ये वारला. नोकरशाहीबद्दल तो जे सांगतो ते ढोबळपणे असं की फाइलीवर चालणारा कारभार ना रागाने चालतो ना लोभाने, नियमाने चालतो, आणि हीच त्याची ताकद. खरं आहे. वशिल्यापेक्षा नियम बरा. पण त्याच वेबरचं दुसरं म्हणणं असं की माणसाचं वागणं समजून घ्यायचं तर त्याने स्वतः त्याला काय अर्थ दिला होता ते समजून घ्या. लग्नाला गेला नाही, ही झाली घटना. का गेला नाही, त्याच्या मनात त्या आहेराच्या वहीचं ओझं केवढं होतं, हा झाला अर्थ. फाइलीत अर्थाला रकाना नसतो. बातमीत होता. मी भरला नाही.

आणि मार्क्सही या विषयात आहे बरं का! आपल्याला तो कारखाना आणि मजूर एवढाच माहीत. १८५२ पासून दहा वर्षं तो न्यूयॉर्कच्या एका दैनिकाला लेख पाठवत होता, १८५३ चे भारतावरचे लेख तिथलेच. म्हणजे आमच्याच धंद्यातला, लेखाच्या मानधनावर घर चालवणारा. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, त्याने पॅरिस पोलिसांच्या दप्तरात काम केलेल्या जाक प्यूशे नावाच्या माणसाच्या आठवणींतले आत्महत्यांचे उतारे जर्मनमध्ये छापले होते. पोलीस दप्तरातलाच माल, पण तिथल्या माणसाने रकान्याच्या पलीकडचं लिहून ठेवलं होतं. त्यात बऱ्याच बाया होत्या, घराने गुदमरवलेल्या.

बायांवरून आठवलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल काढून बघा. देशात त्या वर्षी १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या. त्यात शेती क्षेत्रातल्या ११ हजार २९०, आणि त्यातही ३७ टक्क्यांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातल्या. शेतकऱ्यांपेक्षा शेतमजूर जास्त, हेही त्यात आहे, त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. कारणांचा तक्ता बघा, कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के. अर्धा देश या दोन शब्दांत बसवला. आणि धंद्याच्या तक्त्यात १४.८ टक्के 'गृहिणी'. आपल्याकडे निंदण, वेचणी, बी लावणं कोण करतं? सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून मेल्यावर ती गृहिणी. शेतकरी कोण, हे रकाना ठरवतो. २०१४ पासून त्यांनी शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजायला सुरुवात केली, तर शेतकरी आत्महत्यांचा आकडा आदल्या वर्षीच्या ११ हजार ७७२ वरून एकदम ५ हजार ६५० वर आला. एका वर्षात शेती सुखाची झाली असं तुम्हाला आठवतं का? मला तर आठवत नाही.

इथपर्यंत मी दुरखीमच्या बाजूने बोलत आलो. पण एका ठिकाणी तो चुकला आणि ती चूक थेट माझ्या धंद्याशी येऊन भिडते.

त्याच्या काळात गाब्रिएल तार्द नावाचा एक विद्वान होता, आधी गावाकडचा न्यायदंडाधिकारी, मग पॅरिसला न्याय खात्याच्या आकडेवारीचा प्रमुख. त्याचं म्हणणं, समाज चालतो अनुकरणावर. एक करतो, ते बघून दुसरा करतो. दुरखीमला हे अजिबात मान्य नव्हतं, पुस्तकात त्याने एक प्रकरण घालून अनुकरणाचा मुद्दा मोडून काढला. मजा अशी की ज्या आकड्यांवर पुस्तक उभं आहे त्यातले कितीतरी तार्दनेच आपल्या कार्यालयातून काढू दिले. दुरखीमचा भाचा मार्सेल मोस, तेव्हा विशी-पंचविशीतला, त्याने सुमारे २६ हजार प्रकरणांचे कागद तिथे बसून चाळले. विरोधकाला आपलं दप्तर उघडून देणारा माणूस! आपल्याकडे माहितीच्या अधिकारातही देत नाहीत.

दुरखीम जिंकला, तार्द विस्मरणात गेला. पण आपल्या वाचकांना एक सांगण्यासारखं आहे. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर जो निबंध वाचला, त्यात एका वर्गाने दारं लावून घेतल्यावर जात बाकीच्यांत कशी पसरली हे सांगताना ते तार्दच्या अनुकरणाच्या नियमांचाच आधार घेतात. वरच्याचं बघून खालचा करतो, आणि जवळचं आधी पसरतं.

आणि आत्महत्येबाबतही तार्दचं पारडं पुढे जड झालं. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रं आणि आकडे समोरासमोर ठेवून दाखवलं की आत्महत्येची बातमी पहिल्या पानावर ठळक छापली की त्यानंतर आत्महत्या वाढतात, आणि ज्या भागात ती बातमी जास्त गाजली तिथे जास्त. व्हिएन्नात १९८७ मध्ये पत्रकारांनी आपली लिहिण्याची पद्धत बदलली, सनसनाटी बंद केली, तर तिथल्या भुयारी रेल्वेवरच्या घटना झपाट्याने घटल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना २००० सालापासून आहेत, आपल्या प्रेस कौन्सिलने त्या २०१९ मध्ये स्वीकारल्या. कसं केलं ते लिहू नका, फोटो छापू नका, एकच एक कारण देऊ नका, मदतीचा क्रमांक द्या. (म्हणून इथेही देतो, टेली मानस, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुणाला गरज वाटत असेल तर लाजू नका.)

एकच एक कारण देऊ नका. बघा, दुरखीम आणि तार्द आयुष्यभर भांडले आणि आमच्यासाठी दोघांचा निरोप एका ओळीत आला. ती ओळ माझ्यापर्यंत यायला २०१९ उजाडलं, तोपर्यंत मी आमच्या पेपरात चौकट टाकायचो, 'तालुक्यातील या वर्षातील अमुकवी आत्महत्या'. क्रिकेटच्या धावफलकासारखी. माझा हेतू सरकारला जागं करण्याचा होता, हे खरं. ती चौकट आणखी कोण कोण वाचत होतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, हेही खरं.

माझा पेच अजून सुटलेला नाही. एकट्या माणसाची गोष्ट लिहिली तर ती त्याच्या घरापुरती राहते, वर पसरायची भीती. नुसतं प्रमाण लिहिलं तर कुणी वाचत नाही, डेस्कवरचा पोरगा म्हणतो, "सर, याच्यात फेस नाही." सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये लिहिलेलं पुतणीच्या पुस्तकात आहे. एक लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची अडचण, त्याच्यात काय कमी आहे ते बघा. पण कोट्यवधींच्या देशात लाखो बेकार असतील तर तो सार्वजनिक प्रश्न, मग व्यवस्थेत काय मोडलंय ते बघा. अडचण आणि प्रश्न यांना जोडणारं वाक्य लिहिता आलं पाहिजे. मला दोन-तीनदा जमलं असेल.

मागच्या महिन्यात पुन्हा एक झालं. आता ठाण्यात जावं लागत नाही, व्हॉट्सअॅपवर येतं. 'कारण : कौटुंबिक.' मी नवीन जमादाराला फोन केला, तरुण आहे, चांगला पोरगा आहे. म्हटलं, कौटुंबिक म्हणजे काय रे भाऊ? तो म्हणाला, "सर, आता मीही तिथं पाऊण तास होतो फक्त. काहीतरी लिहावंच लागते ना." त्याची काही चूक नाही. मी गावात गेलो, दोन तास बसलो, कुणालाही पहिल्याच वाक्याला 'कारण काय' असं विचारलं नाही. सोयाबीनचा भाव, सोसायटी, मुलीची फी, पारावर कोण कोण बसतं, असं बोलत राहिलो. बातमी अकरा ओळींची पाठवली, सहा ओळी छापून आल्या. 'कारण' हा शब्द त्यात नव्हता.

तर पुतणीला कॉलेजात प्रकल्प करायचा आहे, 'वृत्तपत्रे आणि आत्महत्या' असं काहीतरी. जुनी कात्रणं आहेत का विचारत होती. २००७ ला ती मावशी जाताना कात्रण टेबलावरच ठेवून गेली होती. मी मागून हाक मारली तर म्हणाली, "तुमचंच हाय ते, ठेवा." तेव्हापासून ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, घर बदललं तेव्हाही आलं. मी ते काढून पुतणीला दिलं. तिने वाचलं, उलटून मागची जाहिरात वाचली, पुन्हा सुलट केलं.

"काका, खाली कुणाचं नाव नाही. नुसतं वार्ताहर लिहिलंय. कुणी लिहिलं असेल हे?"

म्हटलं, मी.